सर्व्हर दहा पाचला चालू झाला

संसर्गाच्या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नसत. पेशंटच्या उशाशी टॅबलेट असायचा. त्याने कॉल लावला की खाली भेटीच्या खोलीतला पडदा उजळायचा. हे कॉल जोडणारा सर्व्हर मी सांभाळायचे.

त्या सकाळी तो सारखा अडखळत होता, म्हणून दहाला बंद करून पुन्हा सुरू केला. डिस्क कित्येक महिन्यांत तपासली नव्हती. सुरू होताहोताच त्याने आपणहून डिस्कची तपासणी सुरू केली. ती मध्येच तोडली तर आतलं सगळं हातचं जायचं. मी नखं खात बसले.

तिसऱ्या दिवशी एक काकू माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांचे यजमान, काका, त्या वॉर्डात होते आणि मी सर्व्हर बंद केला त्याच सकाळी दहा चाळीसला गेले होते.

"ऑफिसातले म्हणतात, मशीन दहा पाचपासून चालू होतं," काकू म्हणाल्या. "मी खालीच बसले होते गं. यांनी कॉल लावलाच नाही. आदल्या दिवशी मी टाकून बोलले होते. मनाला लावून घेतलं असणार."

तो आकडा माझ्याच रिपोर्टातला होता. मशीन जागं झालं की आपला चालू वेळ मोजायला लागतं, डिस्कची तपासणीही त्यातच धरतं. लोकांचं काम सुरू झालं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कॉल लागायला लागले ते दहा शेहेचाळीसला. मला ठाऊक होतं. तरी मी सोयीचा आकडा लिहिला होता.

मी वॉर्डातून काकांचा टॅबलेट मागवला आणि न लागलेल्या कॉलची यादी काकूंपुढे धरली. दहा बारा. दहा एकोणीस. दहा चोवीस. दहा एकतीस.

काकूंनी एकेका वेळेवर बोट ठेवलं. "चारदा?"

"हो काकू. ते लावत होते. सर्व्हर मीच बंद केला होता."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे रुसले नव्हते," त्या म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आवरेना. "एक जिना तर होता गं मध्ये!"

बऱ्याच वेळाने त्यांनी ती यादी कागदावर काढून मागितली. मी दिली. मग रिपोर्टातली वेळ खोडून खरी लिहिली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.