थोरलीची साक्ष

थोरलीने सकाळचा चहा तसाच ठेवला. धाकट्या भावाची सुटका आज तिच्या एकटीच्या जिभेवर होती.

धाकटा शहरातल्या बसचा ड्रायव्हर. चौकात एक स्कूटरवाला त्याच्या बसखाली आला आणि जागच्या जागी गेला. सिग्नल कुणी तोडला, एवढाच काय तो प्रश्न. समोरच्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवता बसवता थोरलीने मान वर केली होती आणि सगळं पाहिलं होतं. लाल दिवा स्कूटरला होता, बसला हिरवा. बाकीचे बघे आवाज झाल्यावर माना वळवणारे. ते कसले सांगतात, कप्पाळ!

कोर्टाच्या व्हरांड्यात धाकट्याच्या वकिलाने तिला बाजूला घेतलं.

"शपथ ग्रंथावर हात ठेवूनच घ्या. देव न मानणाऱ्यांसाठी कायद्यात साधी प्रतिज्ञा आहे, पण ती मागू नका. न्यायाधीशसाहेब फार भाविक आहेत."

"अहो, पण कायद्यातच सोय आहे म्हणता ना?"

"कायदा कपाटात असतो बाई, साहेब समोर बसलेले असतात."

एरवी थोरलीने त्याला उभा-आडवा घेतला असता. वडील गेले तेव्हा प्रार्थना नको म्हणून सगळ्या भाऊबंदांना अंगावर घेणारी बाई ती. सरकारी शाळेत पोरांना प्रार्थनेची सक्ती कशाला, म्हणून भर सभेत माइक ओढून बोललेली. अर्धी गल्ली तेव्हापासून तिच्याशी कामापुरतं बोलते. पण समोर धाकटा उभा होता. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे खोल गेलेले.

"ताई, दोन वाक्यं तर म्हणायचीत. तुझं काय जातं गं?"

बाकावर आई रुमाल तोंडाशी धरून बसली होती. थोरली विरघळली.

पुकारा झाला. पिंजऱ्यात उभं राहून तिने ग्रंथावर हात ठेवला आणि शिपाई सांगेल ते शब्द म्हटले. मग मात्र साक्ष अशी दिली, की एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्यांचा वकील समाधानाने खाली बसला.

सरकारी वकील उठला तो हसतच.

"शाळेच्या प्रार्थनेविरुद्ध सभेत बोलल्या, त्या तुम्हीच ना? मग सांगा, देव आहे असं मानता तुम्ही?"

बाप रे! आता? धाकटा आरोपीच्या कठड्यामागून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. एक अक्षर, बाई, एवढंसं अक्षर! पण इथे खोटं बोलले तर मग दिव्याचं खरं कुठल्या तोंडाने सांगितलं, असं तिला वाटलं.

"नाही मानत."

"म्हणजे आत्ता घेतलेली शपथ खोटी?"

"शपथेचे शब्द खोटे. साक्ष खरी आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"साधी प्रतिज्ञा का नाही मागितलीत? तुमचा हक्क होता तो."

"भीती वाटली, साहेब."

"कुणाची?"

थोरलीने आपल्या वकिलाकडे पाहिलं. त्याने कागदांत डोकं घातलं होतं.

"तुमची," ती म्हणाली.

न्यायाधीशांचा चेहरा लाल झाला. मग ते सावकाश म्हणाले, "म्हणजे भावासाठी खोटं बोलायची तुमची तयारी होती. मग दिव्याबद्दलही तसंच नाही कशावरून?"

शपथेपुरतंच ती भावासाठी खोटं बोलली होती, आणि ती खोटं बोलते एवढंच नेमकं सगळ्यांना पटलं होतं. या साक्षीवर विसंबता येणार नाही, असं साहेबांनी टायपिस्टला सांगितलं. पुढची तारीख पडली, ती निकालाची. धाकट्याने जाताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर पायऱ्यांवर आईने तिचा दंड धरला.

"मला तरी खरं सांग. लाल दिवा स्कूटरलाच होता ना गं?"

"आई! तूसुद्धा?"

"सांग ना."

"स्कूटरलाच होता. बसला हिरवा."

आईने तिचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "घे माझी शपथ."

"तुझी शपथ, आई. या डोळ्यांनी पाहिलं मी."

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने तो हात हळूच खाली काढला.

"पण तू तर असलंही काही मानत नाहीस ना," आई म्हणाली.