काट्यावरची लेक

आकारामनं गुळाची ढेप उचलून खाली ठेवली, फडक्यानं पारडं पुसलं आणि लेकीला म्हणाला,

“बस.”

बया मुकाट्यानं पारड्यात बसली. शाहूपुरीची पेठ तेव्हा नुकती कुठं वसत होती आणि तिथल्या एका गुळाच्या अडतीत आकाराम माल तोलायच्या कामाला होता. माणसाच्या शब्दावर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. लग्नानंतर लेकीला कोडोलीला धाडतानाही त्यानं ती अशीच तोलून धाडली होती. आज तिचे सासरे गणपतराव गुळाची गाडी घेऊन आले होते आणि सुनेलाही सोबत आणलं होतं. गाडी रिकामी झाली की दोघं माघारी जाणार होती.

“पावणं, लेक हाय का ढेप?” गणपतराव हसले.

“सवय हाय मला. जेवतीया न्हवं?”

“इचारा की तिलाच.”

बयानं नुसती मान हलवली. आकारामला ते पटलं नाही. बाप दिसला की हिच्या तोंडाची टकळी सुरू व्हायची, आणि आज शब्द नाही! त्यानं दुसऱ्या पारड्यात वजनं चढवली. काटा मधोमध थांबला. लग्नातलंच वजन, जराही कमी नाही.

“बघा,” म्हणत गणपतराव बैल जुंपायला बाहेर गेले.

गूळ न्यायला आलेल्या नृसिंह मास्तरांना मात्र राहवलं नाही.

“आकाराम, हीच लेक चंद्रावर नेलीस तर सहावा हिस्सा भरेल.”

आकारामनं डोळे बारीक केले. “आनि बाकीचं कुनी खाल्लं?”

“कुणी खात नाही रे. माणूस तेच राहतं. पृथ्वी जोरानं ओढते, चंद्र हळू ओढतो. ओढ कमी, म्हणून वजन कमी.”

“तितं जाऊन तोललं कुनी?”

“गणितानं कळतं.”

आता आकारामला मास्तरही लबाड वाटू लागले. “माजा काटा न्या तितं. खरं काय ते दावील.”

“तुझा काटा काहीच दाखवायचा नाही. बया हलकी होईल, तशी ही वजनंही हलकी होतील. काटा आपला मधोमध.”

मास्तर गूळ घेऊन गेले. आकारामचा हात दांडीवर तसाच राहिला. माणूस इतकं हलकं झालं तरी काटा जागचा हलत नाही? मग आजवर आपण बघितलं काय? काटा सोडून तो लेकीकडं बघू लागला. लग्नात साबण लावून भरलेल्या बांगड्या कोपराकडं घसरल्या होत्या. गळ्याची हाडं वर आली होती.

“उतर.”

आधाराला त्यानं तिच्या कमरेला हात घातला, तर हाताला टणक लागलं. लुगड्याच्या ओच्यात धोंडे बांधले होते.

बयानं त्याचं मनगट गच्च धरलं.

“आबा, गप ऱ्हावा. कमी भरली असती तर तुमी भांडला असता. मग तिकडं मला...”

आकारामला ते धोंडे गणपतरावांच्या टाळक्यात घालावेत असं वाटलं. पण लेकीला आतच बसवून तो पायरीवर आला.

“पावणं, गाडी मोकळीच न्या.”

“आनि सून? आत्ताच तोललीसा की!”

“चुकलं तोलायला,” आकाराम म्हणाला. “जोतिबाची यात्रा झाली की परत तोलतो.”