अब्बा हरायला लागले

नवा टीव्ही भिंतीवर चढला आणि पहिल्याच संध्याकाळी सकीनाने निकाल दिला, "ह्यापेक्षा जुना बरा होता."

तिचं काही चुकलं नव्हतं. टीव्ही ऐसपैस, पण त्याला जोडलेला केबलचा डबा जुनाच. मैदानावरचे खेळाडू पाण्यात भिजलेल्या पेपरातल्या फोटोंसारखे दिसत होते आणि धावफलकावरचा तीन की आठ ते कॉमेंटेटरने सांगितल्यावरच कळत होतं.

"चित्र खराब नाहीये अम्मी, चित्र कमी आहे," यूम्ना म्हणाली. ती नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाली होती आणि घरातल्या कुठल्याही गोष्टीचं कारण सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे. "डबा थोडेच ठिपके पाठवतो. टीव्ही तेच ताणून एवढा पडदा भरतो. पीठ एका चपातीचं आणि तू लाटतेयस परातीएवढी. भोकं पडणारच."

"मग पीठ आण ना जास्त. मला काय सांगतेस?"

म्हणजे एचडी. ते घरात आणायचं कसं, हे ठरवायचं काम यूम्नाकडे आलं आणि तिने ते परीक्षेच्या अभ्यासासारखं केलं. गच्चीवर डिशची छत्री लावायची, केबलवाल्याकडून एचडी डबा घ्यायचा, की फायबर इंटरनेट घेऊन सगळं त्यावरच बघायचं? तिने एकाच सामन्याच्या दिवशी तिन्ही बघून टाकलं. फुफूकडे, म्हणजे अब्बांच्या बहिणीकडे, छत्री होती, मैत्रिणीकडे इंटरनेट, आणि केबलचा डबा बघायला ती थेट केबलवाल्या जगनच्या दुकानात जाऊन बसली. प्रत्येक ठिकाणी पडद्याला नाक लावून चेंडूची शिवण दिसते का, गवताचं पातं वेगळं दिसतं का, ते पाहिलं.

"टीव्ही बगायचा का टीव्ही खायचा, पोरी?" जगन म्हणाला. तो मूळचा जवळच्याच ओवे गावचा. मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांत त्याची वायर होती. "माजा डबा घे. आमी कवा फसवलंय का तुमाला?"

"जगनकाका, गवत जरा पुसट आहे."

"गवत बगून काय करणार? म्हशी हायत का घरात?"

छत्रीचं चित्र चांगलं होतं, पण सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग नुकतंच करून घेतलं होतं. सेक्रेटरींनी सांगितलं की, तिथे एक खिळा ठोकलात तरी मला विचारून ठोका, आणि मी नाहीच म्हणणार. शिवाय पनवेलचा पाऊस जोरात आला की छत्रीचा सिग्नल जातो, हे फुफूने स्वतःच कबूल केलं. राहिलं इंटरनेट. तिथे चेंडूची शिवणच काय, गोलंदाजाच्या बोटावरची पट्टीसुद्धा दिसली होती. यूम्नाने फायबर घेतलं आणि जगनला डबा परत नेऊन दिला.

"बग, परत येशील," तो म्हणाला. असं तो सगळ्यांनाच म्हणायचा.

घरात चित्र आलं तेव्हा सकीनाच्या तोंडून "माशाअल्ला" निघालं. यूम्ना खूश झाली. अम्मीला क्रिकेट नुसतं आवडत नव्हतं. त्यावर तिचा संसार चालला होता असं म्हटलं तरी चालेल.

यूम्नाचे अब्बा, मुनाफ, कुवेतला क्रेन चालवत. ती बालवाडीत असल्यापासून ते तिकडेच होते आणि वर्षातून एकदा सुट्टीवर येत. सामन्याच्या संध्याकाळी मात्र ते हमखास घरी असत. नाणेफेक झाली की फोन लागायचा आणि स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला जायचा. सकीना मांडीवर ताट घेऊन करंजाहून आलेला सुका जवळा निवडत बसायची, आणि फोनमधून कंपनीच्या मेसमधला गलका ऐकू यायचा. थाळ्यांचे आवाज, कुणाचं मल्याळम, कुणाचं बंगाली, आणि मधूनच अब्बांचं खोकणं. बोलणं फारसं नसायचंच. दोघं आपापल्या देशात एकच सामना बघत असायचे.

त्यांचा एक नियम होता. विकेट पडली की जो आधी "गेला!" म्हणून ओरडेल तो जिंकला. हरणाऱ्याने म्हणायचं, "मान्य. क्रिकेट तुम्हालाच कळतं." कधी अब्बा जिंकत, कधी अम्मी, आणि हरल्यावर ते वाक्य दोघंही अशा कडवट आवाजात म्हणत की यूम्नाला लहानपणी वाटायचं, आता तलाक होणार.

फायबर आल्यावर दोनतीन सामने झाले असतील. सकीना जवळ्यातले खडे काढता काढता थांबली.

"यूम्ना, तुझे अब्बा हरायला लागले गं."

"मग चांगलं आहे की. तू जिंकतेयस."

"दर वेळी? एकदा तरी त्यांनी आधी ओरडायला नको? मी 'गेला' म्हणते, मग ते सावकाश म्हणतात, 'मान्य.' गोड आवाजात म्हणतात." शेवटचं वाक्य तिने तक्रारीसारखं म्हटलं.

यूम्ना हसणार होती, पण अम्मीचा चेहरा बघून ताटाजवळ सरकली. मुनाफ हरणाऱ्यातला माणूस नव्हता. स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलीला कॅरममध्ये त्याने एकही सोंगटी सोडली नव्हती.

"आणि दुसरं," सकीना आवाज खाली आणून म्हणाली, "मागे कुणीच नसतं आता. पूर्वी सगळी मेस ऐकू यायची. तो बाबू म्हणून आहे ना केरळचा, शिट्टी वाजवायचा. आता काहीच नाही. कुठेतरी एकटेच बसलेले असतात. आपल्या मोहल्ल्यातल्या नोमानची तिकडची नोकरी गेली तेव्हा त्यानेही घरी सांगितलं नव्हतं. तीन महिने बागेत बसून फोन करत होता, आणि घरच्यांना वाटत होतं ड्यूटीवर आहे."

"अब्बांना विचार मग."

"विचारलं. म्हणाले, सगळं ठीक आहे. नोमानही हेच म्हणायचा."

त्या आठवड्यातल्या पुढच्या सामन्याला यूम्ना पडद्याकडे न बघता फोनजवळ कान नेऊन बसली. अम्मीचं म्हणणं खरं होतं. फोनमध्ये शांतता होती, पण ती खोलीतल्या शांततेसारखी वाटत नव्हती. रिकाम्या खोलीतही पंखा असतो, एसीची घरघर असते, माणूस श्वास घेतो. इथे आवाजाचा मागमूस नव्हता. तिकडून कुणीतरी माइकच बंद करून ठेवला होता.

टीव्हीवर चौकार गेला. लगेच फोन जिवंत झाला. "वा! काय मारलाय!" अब्बा म्हणाले, आणि त्यांच्या मागे क्षणभर सगळी मेस ऐकू आली. थाळ्या, हशा, बाबूची शिट्टीसुद्धा, आणि मेसमधल्या टीव्हीवरचा कॉमेंटेटर. तो सांगत होता की षटक संपलं, आता दुसऱ्या बाजूने फिरकी गोलंदाज येतोय. मग पुन्हा सगळं बंद.

यूम्नाने पडद्याकडे पाहिलं. षटकातला एक चेंडू अजून बाकी होता. तो पडला, षटक संपलं, आणि खरोखरच फिरकी गोलंदाज हातावर चेंडू उडवत आला.

तिने कपाळावर हात मारला. इंटरनेटवर चित्र तुकड्यातुकड्याने येतं. ते अडकू नये म्हणून आधी थोडे तुकडे साठवतात, मगच दाखवायला लागतात. हे तिला पाठ होतं, कुणी विचारलं असतं तर तिने आकृती काढून दाखवली असती. पण चित्र निवडताना तिने गवत मोजलं आणि वेळ मोजली नाही. त्यांच्या घरातला सामना कुवेतच्या मागे पडला होता, जवळजवळ पाऊण मिनिटाने.

डावांच्या मध्यंतरात ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून तिने स्वतःच्या फोनवरून अब्बांना फोन लावला.

"अब्बा, तुम्ही माइक बंद करून बसता ना?"

पलीकडे मेस गजबजलेली होती. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तुमचा सामना आमच्या पुढे आहे."

मुनाफ हसला आणि गलक्यातून बाहेर कुठेतरी आला असावा, कारण आवाज मोकळा झाला. "पहिल्याच दिवशी कळलं. इथे फोर बसली, आणि मग तुमच्या टीव्हीतून तोच चेंडू परत टाकलेला ऐकू आला. म्हटलं, आता इथे कुणी 'आउट' म्हणून ओरडलं की तुझ्या अम्मीचा सगळा सामनाच फुकट. म्हणून बटण दाबलं. तुमच्या टीव्हीचा आवाज ऐकतो आणि कधी चकित व्हायचं ते ठरवतो."

"आणि हरता."

"मला निकाल आधी माहीत असताना जिंकू कसा, पोरी? ती बेइमानी झाली."

"सांगायचं ना मग!"

"तू एवढ्या हौसेने लावलंस. अम्मी सांगत होती, बोटावरची पट्टीसुद्धा दिसते म्हणून. मी काय म्हणू, काढून टाक?" मग त्याने विचारलं, "तिला कळलं काय?"

"तिला वाटतंय तुमची नोकरी गेली."

"या अल्ला," मुनाफ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यूम्ना जगनच्या दुकानात हजर. जगनने तिला बघितलं आणि काही न बोलता गल्ल्यामागच्या फळीवरून एचडी डबा काढला. चेहरा मात्र एवढा आनंदी केला की त्यापेक्षा बोललेला परवडला असता.

"गवत पुसट आहे, काका," ती म्हणाली.

"मंग काय झालं? म्हस तर अजून न्हाय ना घरात?"

फायबर तिच्या पुढच्या अभ्यासासाठी राहिलं. डबा जोडल्यावर तिने अब्बांना फोन लावून बातम्यांच्या वाहिनीवर दोन्हीकडचे आवाज ताडून पाहिले. आता पनवेल किंचित पुढे होतं. एखाद्या श्वासाएवढंच, आणि मेसच्या गलक्यात ते तिकडे कुणाला कळलंही नसतं. तिने ते अम्मीला सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय तिला राहवेना. बाकीचंही सांगितलं, माइकचं, चकित होण्याचं. सकीनाने सगळं ऐकून घेतलं. "वेडा माणूस," एवढंच ती म्हणाली आणि जवळा निवडायला लागली. त्या दिवशी तिने एकच मूठ बराच वेळ निवडली.

पुढच्या सामन्याला फोन टीपॉयवर होता आणि त्यातून सगळी मेस घरात आली होती. थाळ्या, मल्याळम, बंगाली, बाबू.

"आवाज येतोय का नीट?" मुनाफ ओरडला.

"येतोय, येतोय. मेस आहे का बाजार?" सकीना ओरडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला गलक्यावर आवाज चढवावा लागला होता.

तिसऱ्याच षटकात यष्टी उडाली. सकीनाचं तोंड उघडलं. मांडीवरचं ताट हललं, चिमटीतला जवळा चिमटीत राहिला. आणि मग, यूम्ना बघत असताना, तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"गेलाऽ!" कुवेतहून आवाज आला. पाठोपाठ शिट्टी. "सकी, गेला! मी आधी! ऐकलंस ना? मी आधी!"

"मान्य," सकीना म्हणाली. आवाज अगदी पूर्वीसारखा कडवट. "क्रिकेट तुम्हालाच कळतं."

यूम्नाने अम्मीकडे भुवया उंचावून पाहिलं. सकीनाने फोनवर हात ठेवला.

"बघतेस काय? एकच दिली," ती कुजबुजली. "आता पुढची माझी."