दारातल्या फळ्यावरची सूचना

"फोन थोडा मागे घ्या," फोन म्हणाला. घेतला. "आता डावीकडे." बायकोसुद्धा मला इतकं नाचवत नाही. शेवटी त्याने दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून दाखवली. दूध परवाचं होतं.

माझ्या डोळ्यांचा पडदा मधोमध गेला आहे. कडेकडेचं दिसतं, ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं जातं. चष्म्याने भागणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा लेकीने हा फोन आणून दिला. समोर धरला की लिहिलेलं वाचून दाखवतो, अक्षर हवं तेवढं मोठंही करतो. बसचा नंबर, औषधाची बाटली, सगळा भार त्याच्यावर. शिकायला वेळ लागला. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही बटण दाबायचं सोडून फोनला हुकूम सोडता. खरंय. शाळेत एकतीस वर्षं शिपाई आहे, हुकूम सोडायची संधी पहिल्यांदाच मिळाली.

शाळेत मात्र फोन खिशातच ठेवायचो. तिथे माझी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, दारातल्या फळ्यावरची सूचना. माझं अक्षर बघून जुन्या मुख्याध्यापकांनी ते काम दिलं, ते आजतागायत माझ्याकडे. निवृत्तीला चार महिने उरले होते. तेवढे दिवस फळा हातून जाऊ नये, एवढंच मागणं होतं. आडवी दोरी ताणून तिच्या आधाराने ओळ धरायची युक्ती मी काढली होती, आणि तिच्यावर मी फार खूश होतो.

त्या सकाळी बाईंनी, म्हणजे आताच्या मुख्याध्यापिकांनी, सूचना सांगितली. सहावीची परीक्षा शुक्रवारी, पाण्याची बाटली आणावी, खाली आजची तारीख. हल्ली त्या कागद देत नाहीत, तोंडीच सांगतात. दोन ओळी लिहून झाल्या आणि ऑफिसातला फोन वाजला. तो उरकेपर्यंत घंटेची वेळ झाली. तारीख राहिली ती राहिलीच.

मधल्या सुट्टीनंतर आठवलं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी खिशातला फोन काढला आणि फळ्यासमोर धरला. एकदाही मागे घ्या, डावीकडे घ्या म्हणाला नाही. घडाघडा वाचलं. परीक्षा, शुक्रवार, बाटली. आणि खाली तारीख.

मी अक्षर मोठं केलं, मान तिरकी करून पाहिलं. सरळ, टपोरं अक्षर होतं. माझं नव्हतं.

सफाईच्या मावशी जिना पुसत होत्या. फळा कोणी लिहिला, असं त्यांना विचारलं. त्या फडकं पिळत राहिल्या. मी पुन्हा विचारलं.

"बाई लिहितात. तुम्ही घंटेला गेलात की पुसून परत लिहितात."

"कधीपासून?"

"सहामाहीपासून. तुमची ओळीवर ओळ चढते हो. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या."

राग यायला हवा होता. आला नाही. रडूही आलं नाही. हातपाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे चालत होते. डबा खाल्ला, धुतला. दुपारी बाईंना पाणी नेऊन दिलं. बरं नाही का, त्यांनी विचारलं. बरं आहे म्हटलं.

आज काय लिहिलंत, बायको रोज विचारते. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा मी सूचना जशीच्या तशी सांगितली, तारखेसकट.

दुसऱ्या दिवशी दोरी सोडून गुंडाळून ठेवली. बाईंनी सूचना सांगितली, मी हो म्हटलं. फळा ओल्या फडक्याने दोनदा पुसला, सुकू दिला. एक नवा खडू काढून बाईंच्या हाताला लागेल असा चौकटीवर ठेवला.

मग घंटा द्यायला गेलो. त्या दिवशी ती जरा सावकाश दिली, त्यांचं लिहून होईपर्यंत.