सिस्टरचा निबंध

‘करण्यात आले’ हे दोन शब्द दिसले की माझं डोकं फिरतं. देण्यात आले, सांगण्यात आले, हलवण्यात आले. अरे, पण कोणी? भुतांनी? उभा जन्म शाळेत मराठी शिकवली, निवृत्त झाले आणि वाटलं, सुटले एकदाची. तर सिस्टर आली.

ती समोरच्या हॉस्पिटलात नर्स. मेट्रनच्या जागेसाठी खात्याची परीक्षा असते, तिच्यात निबंध असतो आणि निबंधात ही दोनदा आपटलेली. पहिल्या दिवशी तिनं ‘न विसरता येणारा दिवस’ लिहून आणला. ‘सकाळी लवकर उठण्यात आले. मुलीस आजीकडे सोडण्यात आले.’ पहिल्या वाक्याला मी खो खो हसले, दुसऱ्याला नाही.

“अगं, मुलीला कोणी सोडलं?”

“मीच.”

“मग तसं लिही की! स्वतःच्याच निबंधात कसली लपतेस?”

“सवय झालीय, बाई. वॉर्डात आम्ही असंच लिहितो. नाव घातलं की उद्या चौकशी आपल्यामागे.”

दुसरं दुखणं जोडशब्दांचं. तिची वाक्यं ओपीडीच्या बाकावरच्या पेशंटांसारखी, अगदी मांडीला मांडी लावून, पण एकमेकांशी बोलतील तर शपथ. ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘उलट’, ‘शिवाय’ मी तिच्याकडून घोटून घेतले. मग ती प्रत्येक वाक्याला ‘तसेच’ लावायला लागली. “मीठ आहे ते,” मी दटावलं. “चवीपुरतं टाक.”

ड्युटी संपली की संध्याकाळी ती यायची. तिची खुर्ची मी दुपारीच पुसून ठेवायचे. यजमान गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. मूलबाळ नाही, भावंडंही नाहीत. दिवसभरात तोंड उघडायचं ते दूधवाल्यापुढे, तेही ‘अर्धा लिटर’ म्हणण्यापुरतं. सिस्टर आली की भांडायला कोणीतरी मिळायचं. मध्यंतरी मी बाथरूममध्ये घसरले आणि सकाळपासून तिथंच पडून होते. संध्याकाळी शिकवणीला आलेल्या सिस्टरनंच कुलूपवाल्याला बोलावून दार उघडलं. सकाळी दूधवाला गेल्यावर तिच्याशिवाय त्या दिवशी माझ्या दाराशी कोणीही आलं नव्हतं.

परीक्षा जवळ आली. पास झाली तर तिला तिच्या आईच्या गावचं हॉस्पिटल मिळणार होतं. म्हणजे लेकीजवळ राहता येणार होतं. मी तिला तयार करत होते आणि मनातल्या मनात तिच्या जाण्याला घाबरतही होते.

एका संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं, तर सिस्टर जिन्यात फोनवर बोलत होती. परीक्षेला बसणाऱ्या कुठल्या तरी मैत्रिणीला समजावत होती.

“ते ‘करण्यात आले’ खोड आधी. कोणी केलं ते सांग. आणि दुसरा परिच्छेद असा एकदम सुरू करू नकोस, आधीच्याशी गाठ मार. ‘असं असलं तरी’ घाल तिथं.”

मी हळूच दार लोटून घेतलं. अंगावर मूठभर मांस चढलं म्हणतात तसं झालं.

थोड्या वेळानं तिनं आत येऊन स्वतःचा निबंध माझ्यापुढे ठेवला. पहिल्याच ओळीत ‘वृक्षारोपण करण्यात आले.’ खाली तसेच, तसेच, तसेच.

“नाहीच जमत, बाई,” ती म्हणाली. “यंदा नाही बसत. पुढच्या वर्षी बघू.”

क्षणभर मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. आणखी एक वर्ष! मग मात्र मी भडकले.

“माझ्यापुढे सोंग करतेस? जिन्यातलं ऐकलंय मी सगळं.”

तिनं मान खाली घातली. “मी गेले आणि तुम्ही परत पडलात तर?”

“आणि लेक वाट बघतेय तिचं काय?”

“तिला आजी आहे. तुम्हाला कोण आहे?”

हे खरं होतं, म्हणूनच झोंबलं. काहीतरी बोलणं भाग होतं.

“भाची आहे,” मी म्हणाले. “राहायलाच येतेय माझ्याकडे. शिवाय तिची मुलगीही आहे बरोबर. त्यामुळे शिकवणी बंद आता.”

“कधी बोलला नाहीत.”

“तू विचारलंस कधी?”

“कधी येतायत?”

“रविवारी सकाळी. मी स्टँडवर जाणार आहे आणायला.”

परीक्षा रविवारीच होती. सिस्टरनं खोलीभर नजर फिरवली. एक कॉट, एक उशी. पर्स उचलताना म्हणाली, “बरं. मग पेपरला जाताना डोकावते. भाची भेटली तर भेटली.”

म्हणून रविवारी मी लवकर आवरलं, ठेवणीतले कपडे घातले, दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि खरंच स्टँडवर जाऊन बसले. कुलूप बघितलं की तिची खात्री पटेल आणि ती सरळ परीक्षेला जाईल, एवढंच माझ्या मनात होतं. गाड्या येत होत्या. कोणी कोणाची बॅग घेत होतं, कोणी उतरणाऱ्यावर खेकसत होतं, ‘किती उशीर!’ मला त्या खेकसण्याचासुद्धा हेवा वाटला.

बाकावर शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “कोणाला घ्यायला आलात?”

“भाचीला.”

“लेट आहे वाटतं गाडी?”

“हो ना,” मी म्हणाले.

पेपर केव्हाच सुरू झाला होता. आता मला घरी जायला हरकत नव्हती. तेवढ्यात एक गाडी येऊन लागली, तशी इतरांबरोबर मीही उठून पुढे झाले आणि उतरणारा एकेक चेहरा नीट बघू लागले.