रहीमभाईंची कुवेतची बॅग

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी सुटकेस आहे. माझा जन्म कुर्ल्याच्या एका कारखान्यात झाला, पण नाव कमावलं ते कुवेतच्या फेऱ्यांत. पनवेलचे रहीमभाई बावीस वर्षं मला घेऊन ये-जा करत होते. मी आले की घरभर अत्तराचा वास सुटायचा आणि शेजारपाजारची मुलं माझ्याभोवती गोळा व्हायची. पुढे रहीमभाई कायमचे परतले आणि मी माळ्यावर गेले. गरज सरो, वैद्य मरो!

यंदा मला खाली काढलं. त्यांचा मुलगा जिब्रान पावडरच्या नशेत अडकला होता. मुलगा बिघडला की त्याला गल्फला धाडायचं, ही आमच्याकडची जुनी समजूत. रहीमभाईंनीही त्याला कुवेतला त्याच्या चाचाकडे पाठवायचं ठरवलं. त्यांच्या बायकोने, फरिदाने, मला भरलं खरं, पण कुलूप लावायला तिचा हात धजेना.

"नशा काय इथे ठेवून जाणार आहे तो?" ती म्हणाली. "तिकडे पकडला गेला तर आपल्याला त्याचं तोंडसुद्धा दिसायचं नाही. बीमारी आहे ही. इलाज इथेच करायचा."

रहीमभाईंनी गल्फचा बेत सोडला. दुसऱ्या दिवशी फरिदा जिब्रानला आणि मला घेऊन रिक्षात बसली.

पळस्प्याजवळच्या पहिल्या व्यसनमुक्ती केंद्रात मुलांना आत कोंडून बाहेरून टाळं लावलं होतं. मुलाची तब्येत बिघडली तर डॉक्टर कोण, असं तिने विचारलं. डॉक्टर कशाला, एकवीस दिवसांत पोराला सरळ करतो, गॅरंटी आहे, असं तिथला माणूस म्हणाला. फरिदाने मला उचललं आणि तडक बाहेर पडली. मला तिचा फार अभिमान वाटला.

आपट्याच्या केंद्रात डॉक्टर चोवीस तास होते. गॅरंटी त्यांनी दिलीच नाही. आधी जिब्रानला तपासलं, मग त्याला एकट्याला बसवून त्याची स्वतःची तयारी आहे का, ते विचारलं. शरीर थोड्या दिवसांत सावरेल, मनाला महिने लागतील, हेही स्पष्ट सांगितलं. जिब्रानने हो म्हटलं आणि दाखल होण्याच्या कागदावर सही केली.

तिसऱ्या दिवशी त्याचं अंग मोडून आलं, उलट्या थांबेनात. त्याने मला खाटेखालून ओढलं आणि कपडे कोंबले. डॉक्टरांनी औषध दिलं आणि फरिदाला फोन लावून दिला.

"मी येते बेटा," ती म्हणाली. "तुला न्यायला नाही, तुझ्याजवळ बसायला."

तो माझ्यावर डोकं टेकून रडला. मग एकेक शर्ट काढून त्याने परत कपाटात ठेवला.

मित्रांनो, घरातलं माणूस नशेत सापडलं तर लाजेखातर त्याला दूर धाडू नका. केंद्र निवडताना घाई करू नका, चार प्रश्न विचारा, आणि पहिला प्रश्न डॉक्टरचा असू द्या. मी जन्मभर भरून मिरवले. आज खाटेखाली रिकामी पडले आहे, आणि खरं सांगते, तो बरा होईपर्यंत मला कुणी भरू नये.