आधी कोणतं बटण

दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढणं हाच ज्यांचा धंदा, त्या गृहस्थांना छापखान्यात सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. नजर अशी की एक वेलांटी निसटायची नाही. रविवारी त्यांनी बायकोच्या कामातही चूक काढली आणि वर म्हणाले, "तू नसलीस तर या घराचं काय अडणार आहे?" ती संध्याकाळच्या गाडीने बहिणीकडे निघून गेली. सोमवारी कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा पडला. या दोन गोष्टींचा संबंध कळायला कानामात्रांना गुरुवार उजाडला, तोही दुसऱ्याने दाखवला तेव्हा.

चार दिवसांत तिला फोन करायला म्हणून त्यांनी फोन पुष्कळदा हातात घेतला. केला फक्त दुरुस्तीवालीला.

दुरुस्तीवाली गुरुवारी आली. कमी बोलणारी बाई होती. तिने वायर बदलली, स्क्रीनला चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड काढून पुसून परत बसवलं. स्वतःचा स्क्रीन यांच्या कॉम्प्युटरला जोडला, तर चित्र झकास. यांचा स्क्रीन आपल्या लॅपटॉपला जोडला, तर तोही ठणठणीत.

"काका, दोघंही ठीक आहेत. एकत्र आले की बिनसतं."

"म्हणजे?" कानामात्रांना उगाच टोमणा बसल्यासारखं वाटलं.

"कार्ड सुरू होताना स्क्रीनला एकदाच विचारतं, तुला कोणता वेग झेपेल? तुमचा स्क्रीन जुना, जागा व्हायला वेळ लावतो. उत्तर आलं नाही की कार्ड आपल्याच वेगाने सुटतं, तो याला झेपत नाही. चालू कसं करता, दाखवा बघू."

त्यांनी स्क्रीनचं आणि कॉम्प्युटरचं बटण दोन हातांनी एकदम दाबलं. स्क्रीन काळाच.

"याआधी कोण चालू करायचं?"

कानामात्रा आठवू लागले. आठला ते खुर्चीत बसत तेव्हा सगळं उजळलेलंच असे. बायको आधी स्क्रीनचं बटण दाबी, टेबल पुसून काढी, मग परत येऊन कॉम्प्युटरचं दाबी. एका कामाला दोन फेऱ्या! रविवारी त्यांनी काढलेली चूक तीच होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुरुस्तीवालीने दोन्ही बंद करून आधी स्क्रीन लावला, हिरवा दिवा लागू दिला, मग दुसरं बटण दाबलं. पान समोर आलं. ती हत्यारं आवरू लागली.

कानामात्रांनी बायकोला फोन लावला. "अगं, स्क्रीन लागत नाहीये."

"आधी स्क्रीनचं बटण," पलीकडून ती म्हणाली, "हिरवा दिवा लागेपर्यंत टेबल पुसा. मग दुसरं. रविवारी हेच सांगत होते, ऐकलंत कुठे?"

"चूक माझी होती." हे वाक्य ते आजवर लेखकांकडूनच ऐकत आले होते.

तिने विचारलं, "लागला का?"

समोर पान स्वच्छ दिसत होतं. दुरुस्तीवाली वायर गुंडाळता गुंडाळता थांबली.

"नाही गं," ते म्हणाले, "अजून काळाच आहे. तू आल्याशिवाय नाही लागायचा."